पार्किंगमध्ये कार्ल्याचं लेणं

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात 'लहान मुलं आणि इतिहास' या विषयावर आपल्या एका सभासद भगिनींनी केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. – स्मरणिका समिती)



मला बोलायला वीस मिनिटं दिली आहेत. मी पंचवीस घेणार आहे, कारण आपलं पंचविसावं वर्ष आहे.

लिफ्टमध्ये, भाजीच्या गाडीवर, गणपतीच्या आरतीनंतर मला एक प्रश्न हमखास विचारला जातो. "ताई, मुलं अजून शाळेत घातली नाहीत का?" विचारणाऱ्याच्या मनात काळजी असते, म्हणून मला कधी राग येत नाही. तर आधी ते सांगून टाकते. मोठी चार वर्षांची होती तेव्हा, मार्च २०२० मध्ये, शाळा बंद झाल्या. तिचं बालवर्गाचं वय घरातच गेलं. त्या काळात घरी शिकवायची जी घडी बसली ती आम्हाला आवडली आणि पुढं आम्ही ती चालूच ठेवली. आता ती दहाची आहे, धाकटा सातचा. तिची पाचवीची परीक्षा राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळातून द्यायचा विचार आहे. पुढं दहावीला १७ नंबरचा फॉर्म आहेच, तो आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. पाचवीनंतर शाळेत जायचं का, हे तिला विचारून ठरवू. आमच्या घरात यावर एकमत नाही. ह्यांना वाटतं घालावी, सासूबाईंना वाटतं कालच घालायला हवी होती, आणि मला अजून ठरवता येत नाहीये. त्यामुळे तुमची काळजी मला चांगली समजते, घरातच दोन नमुने आहेत.

पण आज मी शाळा वाईट आणि घर चांगलं असं सांगायला उभी नाही. मुलं शाळेत जावोत नाही तर घरी शिकोत, इतिहास हा विषय हातानं करून शिकता येतो आणि त्यासाठी आपण राहतो त्यापेक्षा चांगली जागा महाराष्ट्रात सहजासहजी सापडायची नाही, एवढंच मला सांगायचंय.

हे काही माझं डोकं नव्हे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पालघरकडच्या बोर्डी-कोसबाडला, जी मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत त्यांच्यासाठी कुरणातच शाळा नेली. कुरणशाळाच म्हणायचे तिला. खडे, बिया, पानं, शंख हेच शिकवायचं साहित्य. शाळेच्या चार भिंती नसल्या म्हणजे शिक्षण नाही असं मराठी माणसानं म्हणू नये, आपल्याकडे त्याची इतकी मोठी वाट आधीच पडलेली आहे.

आता दोरीपासून सुरुवात करते.

लहान मुलाला "दोन हजार वर्षांपूर्वी" म्हटलं तर काहीही कळत नाही. त्याला काल आणि परवा यातही गोंधळ असतो. धाकट्यानं सासूबाईंना विचारलं होतं, "आजी, तू लहान होतीस तेव्हा शिवाजी महाराजांना पाहिलं होतंस का?" सासूबाई म्हणाल्या, "एवढी म्हातारी दिसते का रे मी?" तर मी वाळत घालायची नायलॉनची दोरी घेतली. एक वर्ष म्हणजे एक सेंटिमीटर. आजपासून मागं मोजायचं आणि जिथं काही घडलं तिथं कपड्याचा चिमटा लावायचा. धाकटा सात सेंटिमीटर. आपली सोसायटी पंचवीस सेंटिमीटर, म्हणजे वीतभर आणि वर चार बोटं. आजी सत्तर सेंटिमीटरच्या आसपास. एक मीटर ओलांडला की लगेच ठोकळवाडीचं धरण, १९२२. दीड मीटरच्या जरा पुढं बोरघाटातली रेल्वे, १८६३. अडीच मीटरच्या किंचित अलीकडे वडगावची लढाई, १७७९. चार मीटरच्या अलीकडे शिवरायांचा जन्म, १६३०. इथपर्यंत मुलं हसत-खेळत आली. त्यानंतर दोरी सरळ गच्चीच्या दुसऱ्या टोकाला. कार्ल्याचं चैत्यगृह वीस मीटरच्या आसपास, आणि भाजे तर बावीस मीटरवर, जिन्याच्या दोन पायऱ्या खाली. धाकटा त्या पायरीवर बसून वर ओरडला, "आई, इथून आजी दिसतच नाही!" सनावळ्या पाठ करून जे कळायला मला कॉलेजपर्यंत वेळ लागला, ते त्याला त्या पायरीवर कळलं.

खर्च साठ रुपये. चिमटे घरचेच.

दुसरं लेण्यांचं. आपण टाकव्यातून पूल ओलांडून कान्हे फाट्यावर आलो, कान्हे स्टेशनवर लोकल पकडली, की कामशेत आणि मग मळवली. दोन स्टेशनं. मळवलीला उतरलं की एका बाजूला भाजे, दुसऱ्या बाजूला कार्ले. बेडसे जरा आडवाटेला, पवन मावळात. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकात भाज्याचं काम सुरू झालं असं अभ्यासक धरतात. परदेशातले लोक पुस्तकात वाचून हे बघायला येतात, आणि आपण एकवीरेच्या दर्शनाला जातो तेव्हा लेण्याच्या दारावरून पुढं जातो. नवस फेडून खाली येतो, भजी खातो, घरी. मी आईच्या दर्शनाला नाही म्हणत नाही हं, मीही जाते. फक्त शेजारच्या त्या दारातून पंधरा मिनिटं आत जा.

मुलांना लेण्याचं सगळ्यात मोठं कोडं काय वाटतं? "हे बांधलं कसं?" तर बांधलंच नाही, कोरलंय. बांधणं म्हणजे एकावर एक ठेवत वर जाणं. कोरणं म्हणजे काढत जाणं, तेही वरून खाली. आधी छत, मग खांब, शेवटी जमीन. हा फरक तोंडानं सांगून मुलांच्या डोक्यात शिरत नाही. अंगाच्या साबणाची मोठी वडी घ्या, चमचा, आइस्क्रीमच्या काड्या आणि एक बोथट खिळा द्या, आणि सांगा की हा आपला डोंगर. याच्या पोटात एक खोली करायची, खोलीत दोन खांब ठेवायचे. बाहेरून काही चिकटवायचं नाही. तासाभरात एखाद्याचा तरी खांब मोडतोच. मोडला की तो मुलगा तुमच्याकडे बघतो, कारण आता काही करता येत नाही. तिथं मग आपण गप्प बसायचं. पुढच्या वेळी भाज्याला गेल्यावर हीच मुलं खांबाकडे बघत उभी राहतात आणि कुजबुजतात, "यांचा एकही मोडला नाही?" साबणाचा चुरा फेकू नका, आठवडाभर फडकी धुवायला पुरतो.

कार्ल्याच्या चैत्यगृहात वर बघा. दगडाच्या छताला सागवानी लाकडाच्या कमानी आहेत. दगडी छताला लाकडाच्या आधाराची गरजच नाही. पण त्याआधी अशी सभागृहं लाकडाची असायची, ती सवय कारागिरांच्या हातात होती, म्हणून दगडातही लाकूड आलं. विशेष म्हणजे त्यातलं बरंचसं लाकूड मूळचंच, दोन हजार वर्षांचं मानलं जातं. आपल्या सोसायटीच्या मीटर रूमचं दार पंचवीस वर्षांत तीनदा बदललं, हे सेक्रेटरी साहेबांनी कृपया मनावर घेऊ नये.

याच लेण्याच्या भिंतींवर, खांबांवर ब्राह्मी लिपीत लेख कोरलेत. मुलांना वाटतं राजाचे हुकूम असतील. काही आहेतच. एका लेखात सातवाहन राजाचा 'मामाळ' इथल्या अधिकाऱ्याला हुकूम आहे, आणि मामाळ म्हणजे आपलं मावळ असं अभ्यासक मानतात. म्हणजे आपल्या तालुक्याचं नाव जवळपास दोन हजार वर्षं चालत आलंय! पण पुष्कळसे लेख साध्या माणसांचे आहेत. वैजयंती म्हणजे आजच्या कर्नाटकातल्या बनवासीच्या भूतपाल नावाच्या शेठचा लेख आहे, हे सगळ्या जंबुद्वीपात उत्तम असं शैलगृह आपण पुरं केलं असं तो सांगतो. धेनुकाकट नावाच्या गावच्या सुगंधी वस्तू विकणाऱ्या एकानं दाराचं दान दिलंय. त्याच गावच्या यवनांनी, म्हणजे ग्रीक वंशाच्या किंवा तिकडून आलेल्या लोकांनी, खांब दिलेत. अमक्याचं दान, एवढाच मजकूर. मी हे सांगत होते तेव्हा मोठी म्हणाली, "म्हणजे आपल्या बागेतल्या बाकांसारखं." अगदी तसंच! आपल्या बागेत सहा बाकांवर कुणाच्या ना कुणाच्या स्मरणार्थ असं लिहिलंय. मग तिनं त्या सहा नावांची माणसं कोण होती हे घरोघर विचारून लिहून काढलं. दोन बाकांच्या घरचे लोक इथून गेलेत, त्यांचा फोन नंबरही कुणाकडे नाही. पंचवीस वर्षांत ही अवस्था. तिच्या वहीत ती दोन पानं कोरी आहेत. कुणाला काही माहीत असेल तर कार्यक्रमानंतर तिला गाठा, ती ती पुढच्या रांगेत वही घेऊनच बसलीय.

ब्राह्मीतली नावं मुलांना फार आवडतात. अक्षरं सोपी, 'क' म्हणजे अधिकचं चिन्ह आणि 'ग' म्हणजे टोपीसारखा कोन. पण एक गोष्ट इथं कडक शब्दात सांगते. अक्षरं लिहायची ती ओल्या मातीच्या पाटीवर, पिठाच्या परातीत. लेण्यात, गडावर भिंतीला हातसुद्धा लावायचा नाही. तिथं बाण-बदाम काढून ठेवणारी मोठी माणसं कुठल्या शाळेत शिकली होती कोण जाणे.

किल्ल्यांबद्दल मी वेगळं काय सांगणार? दिवाळीत आपल्या अंगणात माती, विटा, गोणपाट घेऊन मुलं जे करतात, तो मराठी मुलांचा पिढ्यानपिढ्यांचा प्रकल्पच आहे. त्याला कुणी प्रकल्प म्हणत नाही, मार्क देत नाही, म्हणून तो टिकलाय. पण अलीकडे बाजारातून प्लॅस्टरचा तयार किल्ला आणून वर दोन मावळे ठेवायचे, ही पद्धत चाललीय. तो किल्ला दिसायला छान असतो. त्यात मुलाचं नख मात्र काळं होत नाही.

माझी सूचना अशी की कुठलातरी किल्ला करण्याऐवजी लोहगड करा. तो आपल्याला रोज दिसण्याइतका जवळ आहे, आणि जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत जे बारा किल्ले गेले त्यात तो आहे. आधी मुलांना घेऊन चढा, पावसाळ्यातला शनिवार-रविवार सोडून. चढताना चार दरवाजे मोजायला सांगा: गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा. वाट सरळ का नाही, सारखी का वळते, हे विचारा. उत्तर देऊ नका. घरी मातीचा गड केला की एका मुलाला हल्ला करायला सांगा आणि दुसऱ्याला वरून खडे टाकायला. वळणावर खालचा उघडा पडतो हे पाच मिनिटांत कळतं. मग तांब्याभर पाणी ओता. मातीच्या गडावर पाणी कुठं साठतं, कुठून वाहून जातं? टाकं कुठं खोदावं? गडावर माणसं राहायची तर प्यायला काय? नारायण दरवाज्याजवळ भुयारासारखी जागा आहे, तिथं भात आणि नाचणी साठवत असत असं सांगतात. भात आणि नाचणी! म्हणजे आपल्याच खाचरातलं. मुलांना तलवारी माहीत असतात, कोठार माहीत नसतं. गडाची सगळी तटबंदी एकीकडे आणि ते कोठार एकीकडे. ते रिकामं झालं की गड गेला.

हेच वडगावच्या लढाईत दिसतं. १७७८ च्या अखेरीला राघोबादादांना पेशवाईवर बसवण्यासाठी कंपनीचं सैन्य मुंबईहून निघालं. बरोबर तोफा, सामान, हजारो बैल. घाट चढून आपल्या मावळात आले ते मुंगीच्या पावलानं. मराठ्यांनी समोरासमोर मोठी लढाई न देता वाटेतलं धान्य आणि चारा हलवला, जाळला. ९ जानेवारी १७७९ ला ते तळेगावला पोचले तर हाती काही लागेना. ११ च्या रात्री जड तोफा तळ्यात टाकून मागं फिरले, आणि वडगावात महादजी शिंदे वगैरे सरदारांनी कोंडले. तिथंच तह झाला. आपण तहसील कचेरीत उताऱ्यासाठी जातो ते हेच वडगाव.

हा खेळ मुलांसोबत असा केला: अर्ध्या मुलांनी पाठीवर दप्तर, हातात पाण्याची बाटली, डोक्यावर उशी घेऊन सोसायटीला तीन फेऱ्या मारायच्या. खाऊचा डबा तिसऱ्या फेरीनंतर गेटपाशी ठेवलाय असं सांगायचं. बाकीच्यांनी मधल्या वेळात तो डबा पळवायचा. तिसऱ्या फेरीनंतर त्या मुलांचे चेहरे बघण्यासारखे होते. बी विंगमधल्या एका सैनिकाला तर रडू आलं. मग सगळ्यांनी मिळून चिवडा खाल्ला आणि वडगावचा तह झाला.

आणि इथंच धाकट्यानं तो प्रश्न विचारला, ज्याची मला सगळ्यात भीती वाटते. "म्हणजे आपण चांगले आणि ते वाईट ना?"

मंडळी, आज मुलांच्या हातात मोबाइल आहे आणि मोबाइलमध्ये इतिहास आहे. दर दोन मिनिटांनी कुणीतरी कुणाचा तरी सूड घेतंय, मागं ढोल-ताशा वाजतोय. सात वर्षांच्या मुलाला इतिहास म्हणजे कुणाचा राग करायचा याची यादी असं वाटायला लागलं, तर पुढं ते निस्तरणं फार अवघड आहे. आपल्या या सोसायटीतही दोन वर्षांपूर्वी मुलांमध्ये 'तुमचे लोक-आमचे लोक' यावरून मारामारी झाली होती, ती कशावरून सुरू झाली हे मोठ्यांना माहीत आहे. मी जास्त बोलत नाही.

मी धाकट्याला इष्टुर फाकड्याची गोष्ट सांगितली. कंपनीच्या त्या सैन्यात स्ट्युअर्ट नावाचा कॅप्टन होता. लढला आपल्याविरुद्धच, आणि जानेवारी १७७९ मध्ये कार्ल्याजवळ मारला गेला. पण इतका धाडसी, की मराठ्यांनीच त्याला फाकडा म्हटलं. फाकडा म्हणजे रुबाबदार, धाडसी. शत्रूला असं नाव देणारी माणसं आपली पूर्वज आहेत. धाकटा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मग त्याच्या आईला कुणी सांगितलं?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. पण प्रश्न बदलला होता, आणि मला त्या दिवशी तेवढं पुरेसं वाटलं.

रेल्वेचं थोडक्यात सांगते. १८५८ मध्ये पुणे ते खंडाळा गाडी सुरू झाली, खालून मुंबईहून खोपोलीपर्यंत होतीच. पण मधला बोरघाट १८६३ पर्यंत पुरा झाला नव्हता. म्हणजे पाच वर्षं लोक खंडाळ्याला गाडीतून उतरायचे, पालखी, तट्टू नाही तर पायी घाट उतरायचे आणि खाली पुन्हा गाडीत बसायचे. आपल्या बेसमेंटच्या उतारावर हा खेळ झकास होतो. खुर्च्यांची गाडी वर, खुर्च्यांची गाडी खाली, मध्ये चादरीची पालखी. पालखीत कोण बसणार यावरून भांडणं होतात, तेव्हा विचारायचं: त्या वेळी कोण बसत असेल, आणि कोण वाहत असेल? घाट फोडताना हजारो मजूर कॉलरा, ताप, सुरुंग यांनी गेले. त्यांची नावं कुठल्याही बोगद्यावर नाहीत. कार्ल्याच्या सुगंधी माल विकणाऱ्याचं नाव मात्र आहे. हा फरक मोठीनं स्वतः काढला, मी नाही.

आता आपल्या अगदी घरचं. ठोकळवाडीचं धरण आपण सहलीला बघतो, वडेश्वर-खांडीच्या बाजूला जाताना केवढं पाणी! हे धरण आंद्रा नदीवर १९२२ मध्ये पुरं झालं, विजेसाठी. ज्या कंपनीनं बांधलं तिचं नाव आंध्रा व्हॅली, त्यामुळे पुष्कळांना वाटतं आंध्र प्रदेशाशी काही संबंध असेल. संबंध आपल्या आंद्रा नदीशी आहे. आपली नदी मुळात पूर्वेकडे जाणारी. आंद्रा इंद्रायणीला मिळते, इंद्रायणी भीमेला, भीमा कृष्णेला, आणि पाणी शेवटी बंगालच्या उपसागरात. धरणातलं पाणी मात्र बोगद्यानं सह्याद्रीच्या पलीकडे भिवपुरीला खाली उतरवलं, तिथं वीज केली, आणि तिथून ते उल्हास नदीतून अरबी समुद्राकडे जातं. एका डोंगराला भोक पाडलं आणि पाण्यानं समुद्र बदलला! ती वीज मुंबईच्या गिरण्यांना गेली. शेजारच्या मुळशीत अशाच धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला, कारण पाण्याखाली शेतं जाणार होती.

यासाठी लागतं काय? मातीचा एक ढीग, वर एक घमेलं, घमेल्याला आरपार नळीचा तुकडा, आणि खाली कार्डशीटच्या पंख्याचं चाक. पाणी सोडलं की चाक फिरतं. मुलं तासन्‌तास फिरवतात. मग घमेल्यात आधी काड्यांची चार घरं आणि मोहरी उगवलेलं इवलं शेत ठेवायचं आणि नंतर पाणी भरायचं. आमच्याकडे चाक फिरायला लागलं तेव्हा टाळ्या वाजल्या आणि घरं बुडायला लागली तेव्हा एक मुलगी घरं काढायला धावली. वीज हवी की नको? शेत हवं की नको? सात-आठ वर्षांची मुलं यावर पाऊण तास भांडली. आपल्या वार्षिक सर्वसाधारण सभेपेक्षा चर्चा मुद्देसूद होती.

जे आजी-आजोबा इथं बसलेत त्यांच्याकडे आता येते. तुमच्याकडे घरात काय पडलंय ते बघा. सासूबाईंच्या माळ्यावर पायली आणि शेर सापडले. मग महिनाभर आमचं गणित त्यावर. दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, दोन शेर म्हणजे अधोली, दोन अधोल्या म्हणजे पायली. सगळं दुप्पट-दुप्पट! धाकट्याला बेचा पाढा जमत नव्हता, तो तांदूळ मोजून जमला. पायली इंद्रायणीचीच भरली. हा तांदूळ पिढ्यानपिढ्यांचा आहे असं आपल्याला वाटतं, पण तो आपल्या वडगावच्या संशोधन केंद्रात तयार झाला आणि १९८७ मध्ये शेतकऱ्यांकडे आला. आंबेमोहोर त्याचा पूर्वज. म्हणजे दोरीवर इंद्रायणीचा चिमटा आजीच्या अलीकडे लागतो. सासूबाईंना हे पटत नाही.

त्यांनी जातं ओढून दाखवलं, ओव्या म्हटल्या. मी रेकॉर्ड करायला फोन काढला तर थांबल्या. म्हणाल्या, "दळताना येतात, फोनसमोर येत नाहीत." मग फोन पिठाच्या डब्यामागं ठेवला, त्यांना सांगूनच. सतरा मिनिटं मिळाली. त्यातल्या दोन ओव्या गावातल्या दुसऱ्या कुणालाही येत नाहीत, मी विचारून पाहिलं. सासूबाई आता बहात्तरच्या आहेत. गेल्या पावसाळ्यात पंधरा दिवस त्यांना दवाखान्यात ठेवावं लागलं, तेव्हा मला त्या सतरा मिनिटांची किंमत कळली. तुमच्याही घरी असं काही असेल. दिवाळीची वाट बघू नका.

आणखी एक. आपल्या इमारतींत टाकव्याच्या कारखान्यांमुळे लातूरची, जळगावची, बिहारची, ओडिशाची घरं आहेत. त्यांच्या मुलांनी म्हटलं, "आमचा चिमटा कुठं लावायचा?" योग्य प्रश्न होता. आता दोरीवर प्रत्येक घराचा एक चिमटा आहे, 'आम्ही टाकव्याला आलो' असा. त्यात भूतपाल शेठचाही आहे, तोही बाहेरूनच आला होता की!

आणि जे घर कुठूनही आलं नाही, इथंच होतं, त्यांचंही बघा. आपल्या जमिनीचा जुना सातबारा आणि फेरफार मी मुलांसमोर ठेवला. ही जागा भाताचं खाचर होती. कुणाच्या नावावर होती, कुणाकडून कुणाकडे गेली, सगळं त्या कागदात आहे. मुलांनी त्यातलं एक नाव वाचलं आणि म्हणाली, "हे तर आपल्या दूधवाल्या काकांचं आडनाव!" काकांना विचारलं तर ते ए विंगच्या कोपऱ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "तिथं आमचं खळं होतं." मोठीनं तो कोपरा नकाशावर काढलाय. स्मरणिकेत तो नकाशा छापायला समितीनं होकार दिला, त्याबद्दल आभार.

समितीकडे आता दोन मागण्या. पहिली: ऑफिसमधली जुनी इतिवृत्तं, पहिल्या पाण्याच्या टँकरच्या पावत्या, पायाभरणीचे फोटो असलेली तीन खोकी रद्दीत द्यायचा विषय पुढच्या बैठकीत आहे असं ऐकलं. कृपया देऊ नका. वॉचमनच्या केबिनमागची छोटी खोली रिकामी आहे. एक कपाट मी देते, सूची मुलं करतील. ज्या दोन बाकांच्या माणसांचा पत्ता लागत नाहीये, तो कदाचित त्याच खोक्यांत असेल.

दुसरी मागणी पुढच्या रविवारची. कार्ल्याचं चैत्यगृह सुमारे १२४ फूट लांब आणि ४५ फूट रुंद आहे. दोन्ही विंगमधल्या पार्किंगमध्ये ते लांबीला बसतं, मी टेपनं मोजलंय. रुंदीला थोडं बागेत जाईल, माळीमामांशी बोलणं झालंय. चुन्यानं रेषा आखू. मधे मुलांनी थर्माकोल न वापरता मातीच्या घमेल्यांचा स्तूप करायचाय. आणि खांब म्हणून आपण उभं राहायचं. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा, आणि स्तुपाच्या मागं सात, एकूण ३७ माणसं हवीत. बाजूच्या खांबांवर हत्तीवर बसलेली जोडपी कोरलेली आहेत, तेव्हा तिथं नवरा-बायकोंनी नाव द्यावं. स्तुपामागचे सात खांब साधे, कोरीवकाम नसलेले आहेत, तिथं ज्येष्ठांनी खुर्ची घेऊन बसलं तरी चालेल. नावं मोठीच्या वहीत लिहा. आतापर्यंत अकरा झालीत.

गाड्या आठच्या आत बाहेर काढाव्यात. चुना टायरला लागला तर धुवून मिळणार नाही.